तळाला बसलेलं औषध

एक वर्षभर मी माझ्या सख्ख्या आईला चोर म्हणत होते. मनातल्या मनात नाही, तोंडावर. घाटनांदूरच्या घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधीच मी विचारायची, "चोरून काय काय खाल्लंस ते आधी सांग." मी केजला शाळेत विज्ञान शिकवते. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर फिरतं, आणि हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण आपण ओरडतो ते समोरच्याच्या भल्यासाठीच, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीनं माझ्या हातून काय झालं, ते लिहायला मला इतके महिने लागले.

आईला शुगर होऊन बारा वर्षं झाली. गोळ्यांवर बरं चाललं होतं. मग पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, जखम चिघळली आणि तिला अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवावं लागलं. अंगठा कसाबसा वाचला, पण घरी येताना इन्शुलिन मागं लागलं. रोज सकाळी एकदा, पोटावर टोचायचं. घरात आई आणि अप्पा दोघंच. मी एकुलती एक, ती केजला. टोचणार कोण, असं मी विचारायच्या आतच अप्पा म्हणाले, "मी हाय की. एवढं काय त्यात."

अप्पांचं आयुष्य तेलाच्या दुकानात गेलं. करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल, घाण्यावरून आणलेलं. दुकान बंद केलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण गावात अजून म्हातारी माणसं त्या तेलाचं नाव काढतात. घाण्यावरचं ताजं तेल गढूळ असतं. अप्पा ते डब्यांत भरून चार-चार दिवस जागचं हलवत नसत. डब्याला नुसता धक्का लागला तरी त्यांचं तोंड उतरायचं. लहानपणी मी पळता पळता एका डब्यावर जाऊन आदळले, तर त्यांनी मला मारलं नाही, पण दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि डबा पुन्हा चार दिवस तसाच ठेवला. मग हलक्या हातानं डबा कलता करायचा, वरचं निवळ तेल काढून घ्यायचं आणि तळाचा गाळ बाजूला टाकायचा. "तळाचं कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं न्हाई," असं ते म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, आणि तेच अवघड होऊन बसलं आहे.

इन्शुलिनच्या बाटलीचंही त्यांनी तसंच कोडकौतुक चालवलं होतं. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं फ्रिजवर विसंबायचं नाही. अप्पांनी छोट्या माठात ओली वाळू भरून त्यात बाटली उभी ठेवायची सोय केली. त्या माठाला हात लावायची कुणालाच मुभा नव्हती. पहाटे अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, मग आईला सुई. मी सुट्टीत गेले तरी मी उठायच्या आत हे सगळं उरकलेलं असायचं. एवढं वय झालेला माणूस बायकोला एक दिवस न चुकवता औषध टोचतो, यापलीकडं मी कधी बघितलं नाही. ते टोचतात कसं, हे मी एकदाही बघितलं नाही.

शुगर मात्र उतरायला तयार नव्हती. डॉक्टरांनी चौदा युनिटवर सुरू केलं होतं. महिन्यानं वीस केलं. मग सव्वीस. मग चौतीस. दर खेपेला ते कागदावरून नजर न उचलता विचारायचे, "पथ्य पाळता ना?" आणि आई काही बोलायच्या आत मीच म्हणायची, "कसलं पथ्य पाळतीय डॉक्टर! तिला गोडाशिवाय राहवतंय का!" आई मान खाली घालून बसायची. त्या मान खाली घालण्याला मी कबुली समजले.

मग मी घरच तपासायला सुरुवात केली. गुळाचा डबा आणि साखरेची बरणी उचलून शेजारच्या काकूंच्या घरी नेऊन ठेवली. उतरंडीतली गाडगी उतरवून बघितली, धान्याच्या कोठीत हात घातला, एकदा तर आईच्या उशीखाली शोधलं. काही सापडलं नाही म्हणून मला ती निर्दोष वाटायला हवी होती. मला वाटलं, ही माझ्यापेक्षा हुशार निघाली. एकदा तिनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि म्हणाली, "लिंगाची शपथ, मी काई खाल्लं न्हाई गं." मी म्हणाले, "आता देवाची पण खोटी शपथ घ्यायला लागलीस का?" हे वाक्य मी बोलले. दुसरं कुणी नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. मी गुरुवारी घाटनांदूरला गेले. गेल्या गेल्या आईच्या बोटाला सुई टोचून मशीन लावली, तर तीनशे एक्क्याण्णव. मी इतकी ओरडले की रस्त्यावरनं जाणारी बाई दारात थांबून आत बघायला लागली. "मरायचंय का तुला? मर मग. पण माझ्यासमोर असं हळूहळू मरू नको." आई चुलीपाशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बरं बाई, न्हाई खात." मला वाटलं, चला, निदान कबूल तरी केलं.

शुक्रवारी सकाळी अप्पांनी नेहमीसारखं आईला टोचलं आणि मग माझ्यासोबत अंबाजोगाईला येऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. संध्याकाळी आम्ही परतही आलो. शनिवारी सकाळी त्यांना डोळा दाखवायला पुन्हा जायचं होतं. शेजारचे काका बरोबर जाणार होते. पट्टी बांधलेल्या डोळ्यानं सिरिंजवरच्या रेघा दिसेनात, तेव्हा अप्पांनी नाइलाजानं माठ माझ्या ताब्यात दिला. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "बाटली सावकाश काढ बरं का. धक्का लागू देऊ नगंस."

"अप्पा, मला कळतं. मी शाळेत हेच शिकवते," मी म्हणाले. ते गेले.

मी बाटली काढली. वर पाण्यासारखं निवळ, तळाला पांढरा थर. खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी अप्पांनी जपून ठेवली होती, ती उघडली. त्यात चित्र काढून दाखवलं होतं की हे औषध तळाला बसतं, म्हणून टोचायच्या आधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. मी वीस वेळा फिरवली. औषध ताकासारखं पांढरं झालं, सगळीकडं एकसारखं. मी बाटली उलटी धरली, चौतीसच्या रेघेपर्यंत ओढलं.

आई पदर बाजूला करून बसली होती. म्हणाली, "त्येनी असं न्हाई करत."

"कसं?"

"हालवत न्हाईत."

"तू गप बस गं आई," मी म्हणाले आणि टोचलं. सव्वासात वाजले असतील. तिच्यापुढं भाकरी आणि शेपूची भाजी वाढून मी धुणं घेऊन मागच्या मोरीवर गेले.

बाराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. आई दाराला धरून उभी राहिली. "जीव कसातरीच व्हायलाय," ती म्हणाली. "कायतरी गोड दे की गं जरासं. साखरेचा खडा दे एक."

मी ताट खाली ठेवलं. मला खरंच विश्वास बसेना. वर्षभर चोरून खाल्लं ते खाल्लं, आता समोर येऊन मागते! मी म्हणाले, "लाज कशी वाटत न्हाई तुला?"

"एकच खडा दे. हात लई थरथरायलेत बघ."

"न्हाई मिळणार."

ती वळली. भिंतीला हात लावत लावत पुढच्या खोलीत गेली. मी राहिलेली डाळ निवडली. सगळी निवडली, खडे वेचून टाकले, डबा भरला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तेवढा वेळ मी उठले नाही.

पुढच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला तेव्हा वाटलं कुणी आलं असेल. जाऊन बघते तर आई एकटीच भिंतीला टेकून बसलेली, चोळी घामानं चिंब, आणि डोळे माझ्यावर पण मला न बघणारे. "आत्याबाई," ती मला म्हणाली. माझी आजी जाऊन वीस वर्षं झाली. "आत्याबाई, मी न्हाई घेतला वो गूळ." मग तिची मान एका बाजूला पडली.

मी काकूंना हाक मारली. ती हाक नव्हती, किंकाळी होती. शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. त्यांच्या यजमानांना शुगर असल्यामुळं त्यांनी हे दोनदा बघितलेलं. त्यांनी आईच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मशीन आण. शुगर उतरली हिची."

"चढली असंल काकू, उतरंल कशी?" मी म्हणाले. तशाही वेळी मी वाद घालत होते. मशीन लावली. आकडा आलाच नाही. आकड्याच्या जागी एल आणि ओ अशी दोन इंग्रजी अक्षरं आली. मी मशीनवर थाप मारली. दुसरी पट्टी घातली. पुन्हा तीच दोन अक्षरं. मोजता येण्यासारखं काही उरलेलंच नाही, हे मशीन दोनदा सांगत होतं आणि मी मशीन बिघडली म्हणत होते.

"गूळ कुठाय?" काकूंनी विचारलं.

आमच्या घरात गूळ नव्हता. साखर नव्हती. मीच काही ठेवलं नव्हतं. काकू आपल्या घरी पळाल्या आणि आमचाच डबा घेऊन आल्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी गूळ बोटानं मऊ केला आणि चिमटीचिमटीनं आईच्या हिरड्यांना आणि गालाच्या आतून चोळत राहिल्या. मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि माझे दात वाजत होते. मे महिन्यात.

चौकात अंबाजोगाईला जाणारी काळीपिवळी जीप माणसांनी भरून उभी होती. माणसं काही न विचारता खाली उतरली. वाटेत मी अप्पांना फोन केला. एवढंच सांगता आलं की दवाखान्यात या, आई बोलत नाही.

दवाखान्यात सलाईनमधून साखर चढवली. थोड्या वेळानं आईनं डोळे उघडले, पाणी मागितलं आणि मला माझ्या नावानं हाक मारली. मी तिथंच फरशीवर बसले. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सुई, बाटली सगळं बघायला मागितलं. मी येताना माठातली बाटली पिशवीत टाकून आणली होती.

"रोज किती देता?"

"चौतीस."

"आज?"

"आजही चौतीसच."

"मग आज वेगळं काय केलं?"

मी म्हणाले, काहीच नाही. तेवढ्यात अप्पा आले. डोळ्यावर काळा चष्मा, काकांच्या खांद्याला धरलेलं. त्यांनी आईच्या पायाला हात लावून बघितला, मग माझ्याकडं वळून विचारलं, "बाटली हालवली का काय तू?"

"हलवायचीच असते, बाबा," डॉक्टर म्हणाल्या. "फिरवून सारखी करून मगच द्यायची. तुम्ही कशी देता?"

अप्पांनी सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, शिकवल्यासारखं. पहिल्यांदा आई दवाखान्यात होती तेव्हा तिला दुसरं इन्शुलिन द्यायचे, ते पाण्यासारखं स्वच्छ असायचं. त्या वेळच्या सिस्टरनी बजावलं होतं, गढूळ दिसलं तर टोचू नका. घरी आल्यावर मेडिकलमधून मिळालं ते गढूळच. एवढं मोलाचं औषध फेकून कसं द्यायचं? म्हणून ते रात्रभर निवळू द्यायचे. सकाळी बाटली उलटी न करता हळूच कलती धरायची, वरचं स्वच्छ तेवढं ओढायचं. तळाला गाळ उरला की बाटली संपली.

"आणि तो गाळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोरीत वततो. एक थेंब गढूळ जाऊ दिलं न्हाई हिच्या अंगात."

डॉक्टर बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बाबा, तो गाळ नव्हता. तेच औषध होतं. वर राहतं ते जवळपास नुसतं पाणी."

 त्या पुढं बोलत होत्या ते मला तुटक तुटक ऐकू येत होतं. अंगात औषध जात नव्हतं म्हणून शुगर चढत होती. शुगर चढते म्हणून डॉक्टर औषध वाढवत होते. आज पहिल्यांदा औषध खरोखर गेलं, तेही वाढवत वाढवत चौतीसवर नेलेलं. "आणि ही बाटली अर्धी वापरलेली," त्या म्हणाल्या. "रोज वरचं पाणी काढून काढून खाली दाट उरलेलं. ताई, रेघ चौतीसची असली तरी आत किती गेलं, कुणाला सांगता येणार नाही."

तळाला गाळ बसतो, वरचं पाणी वेगळं करता येतं, हे मी दर वर्षी सहावीच्या वर्गात काचेच्या पेल्यात करून दाखवते. बाटली हातात धरली तेव्हा थर मला दिसला होता. इतके महिने अप्पा काय करतात, एवढा एक प्रश्न मला सुचला नाही. चिठ्ठी वाचता येते याचाच मला गर्व.

आणि तरीही मी काय केलं, तर अप्पांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळ्यांसमोर बोलले. "तुम्ही आईला पाणी टोचत होता! तिचं औषध मोरीत ओतत होता! विचारायचं तरी कुणाला!" लोक बघत होते.  अप्पा एवढंच म्हणाले, "मला वाटलं, मी चांगलं तेवढंच देतो तिला, माय." मग त्यांनी चष्मा काढला आणि कालच ऑपरेशन झालेला डोळा शर्टाच्या बाहीनं पुसला. डोळ्याला हात लावायचा नाही असं त्यांना सांगितलेलं होतं. मी त्यांना थांबवलंसुद्धा नाही. मला वाटत होतं, सगळा गुन्हा त्यांचा आहे.

रात्र आईची बरी गेली. रविवारी सकाळी डॉक्टर बाई आल्या, आईच्या खाटेवर टेकल्या. आता बारा युनिटपासून पुन्हा सुरुवात करायची, बाटली कशी फिरवायची, सगळं त्यांनी अप्पांना दोनदा करून दाखवलं. अप्पांनी दोन्ही तळव्यांत बाटली धरून फिरवली.  पण डॉक्टरांचं समाधान झालेलं दिसेना. एवढी शुगर उतरायला आणखी काहीतरी कारण असावं, असं म्हणत त्यांनी आईला विचारलं, "आजी, काल सुई टोचल्यावर काय खाल्लं होतं?"

 तिनं माझ्याकडं बघितलं.

"सांग की," मी म्हणाले.

"रागावणार न्हाईस न्हवं?"

डॉक्टर आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागल्या. मी नाही म्हणून मान हलवली. 

"काई न्हाई खाल्लं," आई म्हणाली. "ही आली त्या दिसी मशीन लावली ना हिनं, तवापास्नं काईच न्हाई खाल्लं. भाकरी पुढच्या दारात येणाऱ्या गाईला घालायचे. पाणी तेवढं प्यायचे. म्हणलं, खाल्लंच न्हाई तर आकडा कमी यील. मग कावून रागावंल ही?"

अप्पांच्या हातातली बाटली फिरायची थांबली.  आई माझ्या तोंडाकडं बघतच होती, तिला अजून काहीतरी विचारायचं होतं.

"काल लावलतीस ना गं मशीन?" तिनं विचारलं. "कमी आलता का आकडा?"

"आलता, आई," मी म्हणाले. "लई कमी आलता."

तिला बरं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं.